प्रोटिस्टा खरंच रद्द झाली का? आठवीच्या पुस्तकापासून नारायणगावच्या केवड्यापर्यंत

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत, विज्ञानाच्या पुस्तकात व्हिटाकरच्या पाच सृष्टी, म्हणजे सजीवांचे पाच मोठे गट, त्यातली एक प्रोटिस्टा. आईने स्वतः कॉलेजात असताना "प्रोटोझुआ हा प्राण्यांचा पहिला संघ" असं घोकलेलं. आणि दिवाळीत घरी आलेला अकरावीतला भाचा सांगून गेला की मावशी, प्रोटिस्टा असं काही नसतंच, ते कधीच मोडीत निघालं. तर तिघांपैकी बरोबर कोण, आणि मुलीने पेपरात काय लिहायचं?

मार्कांचं आधी उरकते. पेपरात पुस्तकात आहे तेच लिहायचं. प्रोटिस्टा म्हणजे एकपेशीय, दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) सजीव, उदाहरणं अमीबा, पॅरामेशिअम, युग्लीना. तपासणाऱ्या बाईंच्या हातात मॉडेल आन्सर असतं, तिथे वाद घालून उपयोग नाही. आता खरं उत्तर. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त तीन वेगळ्या काळातली वाक्यं बोलताहेत, आणि त्या काळांच्या मधे काय झालं ते शाळेच्या पुस्तकात येत नाही, म्हणून जरा लांबण लावते. चहा घेऊन बसा.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात २९ वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे. त्यातली बरीच वर्षं पाषाण तळ्याचं नाहीतर मुठेचं पाणी बाटलीत भरून आणायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं यात गेली. या २९ वर्षांत मी याच विषयाचे चार वेगवेगळे तक्ते फळ्यावर काढले, आणि दर वेळी आधीचा पुसताना मनातून जरा लाज वाटायची, ते पुढे येईलच.

सुरुवात अगदी साधी होती. १६७४ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने घरी घासलेल्या भिंगातून जवळच्या तळ्याचं पाणी पाहिलं आणि त्यात हलणारे जीव दिसले. हा कापडाचा व्यापारी, कॉलेजबिलेज काही नाही. तेव्हा सृष्टी दोनच, वनस्पती आणि प्राणी. त्यामुळे जे पळतं आणि खातं ते प्राणी, जे हिरवं आणि गप्प ते वनस्पती, असा हिशोब पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षं चालला. युग्लीनाने त्यात घोळ घातला, कारण ती हिरवी पण आहे आणि पळते पण. तुम्हाला गंमत वाटेल, आमच्या कॉलेजात युग्लीना दोनदा शिकवली जायची, वरच्या मजल्यावर बॉटनीवाले शेवाळ म्हणून शिकवायचे आणि खाली आम्ही प्राणी म्हणून, आणि मुलं दोन्ही जर्नलमध्ये तीच आकृती काढायची, फक्त नावं बदलून. वनस्पतींची नावं ठेवायचे आंतरराष्ट्रीय नियम वेगळे, प्राण्यांचे वेगळे, त्यामुळे काही बिचाऱ्या एकपेशीय जिवांना अजूनही दोन्ही घरची नावं आहेत.

या भांडणावर उपाय म्हणून १८६० मध्ये जॉन हॉग या इंग्रज माणसाने आणि १८६६ मध्ये जर्मनीच्या हेकेलने तिसरी सृष्टी सुचवली. हेकेलचा शब्द टिकला, प्रोटिस्टा. मग १९३८ मध्ये कोपलंडने जिवाणूंना वेगळं काढून चार सृष्टी केल्या, आणि १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकरने बुरशीला स्वतःचं घर देऊन पाच. तुमच्या मुलीचं पुस्तक इथे थांबलंय.

आता व्हिटाकरला नावं ठेवायची फॅशन आहे, पण मला ते पटत नाही. त्याची मांडणी शिकवायला फार सोपी होती आणि बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे हे त्याने ठामपणे सांगितलं, हे मोठं काम. अडचण फक्त प्रोटिस्टाची. ती कशी ते पुणेकराला समजावायला सोपं आहे. पेठेतल्या जुन्या माणसाला विचारा, त्याच्या लेखी सदाशिव पेठ वेगळी, नारायण वेगळी, शनिवार तर फारच वेगळी, आणि कोथरूड, औंध, हडपसर, पिंपरी हे सगळं मिळून एक, "लांब तिकडे". प्राणी, वनस्पती आणि बुरशी या तीन पेठा. प्रोटिस्टा म्हणजे लांब तिकडे. हडपसरच्या आणि औंधच्या माणसात सारखं काय, तर दोघंही पेठेत राहत नाहीत एवढंच, त्यावरून ते भाऊ ठरत नाहीत ना! या सृष्टीची व्याख्याच मुळी "दृश्यकेंद्रकी आहे, पण प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशी नाही" अशी. नुसत्या नाहींवर नातं ठरवलं की काय होतं, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

दरम्यान दोन गोष्टी झाल्या. एक, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला आणि पेशीच्या आतलं दिसायला लागलं. दोन, १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस नावाच्या अमेरिकन बाईंचा पेपर छापून आला. तो पंधराएक जर्नलनी परत पाठवला होता. त्यांचं म्हणणं असं की पेशीतला मायटोकॉन्ड्रिया (पेशीचं वीजघर) आणि हरितलवक (झाडाच्या पेशीतला हिरवा, अन्न बनवणारा भाग) हे मुळात स्वतंत्र जिवाणू होते, दुसऱ्या पेशीच्या पोटात गेले आणि पचायच्या ऐवजी तिथेच राहिले. कल्पना अगदीच नवी नव्हती, हरितलवकांबद्दल रशियाच्या मेरेश्कोव्स्कीने १९०५ मध्येच हे म्हटलं होतं, पण तेव्हा पुरावा कुठून आणणार. पुढे या दोन्ही भागांचा स्वतःचा डीएनए वाचता आला आणि तो खरंच जिवाणूंशी जुळला, हरितलवकाचा निळ्या-हिरव्या जिवाणूंशी आणि मायटोकॉन्ड्रियाचा दुसऱ्याच एका गटाशी. म्हणजे आपल्या प्रत्येक पेशीत एक जुना भाडेकरू आहे, पागडीवाला, तो आता निघत नाही.

मग १९७७ मध्ये कार्ल वुझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी राइबोसोममधल्या (पेशीच्या प्रथिनं बनवायच्या यंत्रातल्या) आरएनएची अक्षरं जुळवून नाती काढायची पद्धत वापरली. ही पद्धत आल्यावर सगळ्यांना वाटलं की आता काय, मशीन सांगेल ते खरं. आणि इथे माझी फजिती सुरू होते.

टॉम कॅव्हेलियर-स्मिथ म्हणून एक इंग्रज शास्त्रज्ञ होता, २०२१ मध्ये गेला, प्रचंड हुशार आणि तेवढाच हट्टी, वर्गीकरणात दर काही वर्षांनी नवी नावं काढायचा. त्याने १९८३ मध्ये एक कल्पना मांडली. जिआर्डिया (जुलाबाच्या रिपोर्टमध्ये नाव वाचलं असेल), ट्रायकोमोनास, अमांशाचा एंटअमीबा आणि मायक्रोस्पोरिडिया या जिवांमध्ये मायटोकॉन्ड्रिया दिसत नाही. तर हे त्या काळातले असणार, जेव्हा जिवाणू पोटात यायचा होता. म्हणजे जिवंत पूर्वजच जवळजवळ! त्याने त्यांना आर्केझोआ नाव दिलं. १९८९ मध्ये सोजिन आणि मंडळींनी जिआर्डियाचा आरएनए वाचला तर खरंच ती सजीवांच्या वंशवृक्षाच्या (आम्ही नुसतं झाड म्हणतो) अगदी तळाशी आली. तर्क आणि मशीन दोन्ही एकच बोलताहेत म्हटल्यावर शंका कोण घेणार. मी तर नव्वदच्या दशकात हे इतकं रंगवून शिकवायचे, जिआर्डियाच्या दोन केंद्रकांचं ते हसरं तोंड फळ्यावर काढून खाली मोठ्या अक्षरात "आपला आदिम पूर्वज" असं लिहायचे.

आणि मग एकेक वीट पडायला लागली. आधी मायक्रोस्पोरिडिया. यांचा इतिहास भारी आहे, रेशमाच्या किड्यांना पेब्रिन नावाचा रोग होतो तो यांच्यामुळे, लुई पाश्चरने १८६० च्या दशकात त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९६ मध्ये त्यांच्या दुसऱ्या जनुकांचा अभ्यास झाला तर हे आदिम वगैरे काही नाहीत, ते बुरशीचे नातेवाईक निघाले. परजीवी होऊन इतके आटले की त्यांच्यातल्या एकाचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००१ मध्ये वाचला तेव्हा तो २९ लाख अक्षरांचा भरला, म्हणजे आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूपेक्षाही छोटा. १९९९ मध्ये एंटअमीबामध्ये मायटोकॉन्ड्रियाचा सुकलेला अवशेष सापडला, २००२ मध्ये मायक्रोस्पोरिडियात, २००३ मध्ये जिआर्डियात. मायटोसोम म्हणतात त्याला. ट्रायकोमोनासमध्ये असतो तो हायड्रोजन सोडणारा भागही त्याच घराण्यातला. म्हणजे यांच्याकडे मायटोकॉन्ड्रिया होता, ऑक्सिजन नसलेल्या जागी राहायला गेल्यावर तो सुकत गेला. "अजून आला नाही" आणि "होता पण गेला" यांतला फरक नुसत्या नाहीवरून कळत नाही, आणि आम्ही अख्खी सृष्टी त्यावर उभी केली होती.

मग मशीनने फसवलं कसं? परजीवींची जनुकं फार वेगाने बदलतात. समजा वर्गात दोन मुलांचं अक्षर इतकं गचाळ आहे की ते बाकी कोणाशीच जुळत नाही. घाईत असलेल्या मास्तरांना वाटणार की या दोघांनी एकमेकांचं बघून लिहिलंय, खरं तर दोघांचा काही संबंध नाही, दोघं आपापल्या परीने बिघडलेत. झाड काढणाऱ्या कॉम्प्युटरचंही तसंच होतं, लांब फांद्या एकमेकींना चिकटतात आणि तळाकडे घसरतात. जोसेफ फेल्सेनस्टाइनने हा धोका १९७८ मध्येच गणितातून दाखवला होता. वाचला होता सगळ्यांनी, पण आपल्याला हवं तेच उत्तर येत असेल तर कोण तपासतो. २००३ नंतर कधीतरी एक जुना विद्यार्थी लक्ष्मी रोडवर भेटला, भर गर्दीत म्हणाला, मॅडम, तुमचा आदिम पूर्वज गेला ना! मी म्हटलं हो रे, गेला.

शेपूट असं की २०१६ मध्ये खरोखर मायटोकॉन्ड्रियाचा मागमूसही नसलेला एक जीव सापडला, मोनोसर्कोमोनॉइड्स, चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातला. पण त्याच्या पूर्वजांकडे मायटोकॉन्ड्रिया होता, याने जिवाणूंकडून दुसरी यंत्रणा उचलली आणि घरातली टाकून दिली. त्यामुळे आदिम पूर्वजाची खुर्ची अजून रिकामीच आहे.

आता केवड्याकडे येते (फुलाचा नव्हे, द्राक्षाच्या पानांवरचा रोग), कारण हे सगळं ऐकून लोक म्हणतात की नावं बदलून शास्त्रज्ञांची पोटं भरतात, आम्हाला काय. माझ्या दिरांची नारायणगावजवळ द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, नवी फूट आली आणि पाऊस लागला की ते रात्री झोपत नाहीत, कारण केवडा. पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी लव. दुसरा रोग भुरी, पानावर आणि मण्यांवर राखेसारखी पावडर. दोन्ही पांढरं, दोन्ही बुरशीसारखं, दुकानदार दोन्हीवर "बुरशीनाशक" म्हणूनच बाटली देतो. पण भुरी ही खरी बुरशी आहे, म्हणजे नात्याने मशरूमच्या आणि खरं सांगायचं तर आपल्याही जवळची. केवड्याचा बुरशीशी काही संबंध नाही. तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा आणि डायटमचा (काचेसारख्या कवचाच्या एकपेशीय शेवाळाचा) भाऊबंद आहे, ज्याने कधीतरी बुरशीसारखा धंदा सुरू केला, तंतू टाकायचे, त्यातून रस शोषायचा. धंदा एक असला की रूप सारखं होतं, तेवढंच.

पुरावा? खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, झुरळाच्या पाठीचं असतं ते. केवड्याच्या भित्तिकेत सेल्युलोज. केवड्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, त्यांना दोन शेपट्या, एक गुळगुळीत आणि एक केसाळ, बाटली धुवायच्या ब्रशसारखी. तीच केसाळ शेपटी तपकिरी शेवाळाच्या पोहणाऱ्या पेशींना असते. आणि पोहायचं म्हटलं की पानावर पाण्याचा पापुद्रा हवा, म्हणूनच पाऊस आणि दव पडलं की केवडा, ओलं पान नसतानाही भुरी. दिरांना हे अनुभवाने माहीत होतं, त्यामागचं कारण मी सांगितलं. त्याहून कामाचं म्हणजे औषध. भुरीवर मारतात ती ट्रायझोल गटातली औषधं एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्याला लागणारं रसायन) बनवायची साखळी तोडतात. केवडा ते स्वतः बनवतच नाही, तर तोडणार काय? म्हणून ट्रायझोल केवड्यावर चालत नाही आणि केवड्यावरचं मेटालॅक्सिल भुरीला लागत नाही. बोर्डो मिश्रण दोन्हीकडे थोडंफार चालतं, ते तांब्याचं सरसकट विष आहे, आणि १८८५ मध्ये फ्रान्समध्ये ते केवड्यावरच प्रसिद्ध झालं. (फवारणी कुठली, किती, हे मला विचारू नका, पुण्याजवळ मांजरी गावात द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा.) बटाट्याचा उशिरा येणारा करपा, ज्याने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली, तोही याच केवड्याच्या घराण्यातला. दिरांना मी पहिल्यांदा सांगितलं की भावोजी, शप्पथ सांगते, हे शेवाळाचं घराणं आहे, तेव्हा ते म्हणाले, मग शेवाळ म्हणून अनुदान मिळेल का.

उलटंही घडलंय. न्यूमोसिस्टिस नावाचा जीव, एड्सच्या रुग्णांना न्यूमोनिया करतो, अनेक दशकं प्रोटोझुआ म्हणून शिकवला गेला. १९८८ मध्ये आरएनए वाचला तर बुरशी. आणि ऱ्हायनोस्पोरिडियम, ज्याने नाकात लाल मोडासारखी गाठ येते, आपल्याकडे तळ्यात डुंबणाऱ्यांमध्ये दिसते, त्याचं तर हसू येतं. १९०० मध्ये अर्जेंटिनात प्रोटोझुआ, १९२३ मध्ये बुरशी, १९९९ मध्ये डीएनए पाहिला तर दोन्ही नाही, माशांच्या परजीवींचा सोयरा आणि झाडावर बुरशीपेक्षा प्राण्यांच्या जवळ. बुरशीच्या औषधांना तो फारशी दाद का देत नाही आणि सर्जनला गाठ कापूनच का काढावी लागते, याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं.

मलेरियाची गोष्ट मात्र सगळ्यात सुंदर. त्याआधी डब्यांचं गणित सांगते. एका पेशीने निळा-हिरवा जिवाणू गिळला, त्यातून लाल, हिरवी शेवाळं आणि पुढे झाडं आली, त्यांच्या हरितलवकाला दोन पापुद्रे. मग दुसऱ्या कोणीतरी ते अख्खं शेवाळच गिळलं, म्हणजे डब्यात डबा. डायटमच्या हरितलवकाला चार पापुद्रे असतात ते यामुळे. युग्लीनाच्या हरितलवकाला तीन, तिने हिरवं शेवाळ गिळलेलं. पापुद्रे मोजायचे आणि कोणी कोणाला गिळलं ते ओळखायचं. बरं, मलेरियाच्या जंतूत एक ३५ हजार अक्षरांचा गोल डीएनए सापडला होता आणि तो कशाचा ते कळत नव्हतं. १९९६ च्या सुमाराला उलगडलं की तो एका रंग गेलेल्या लवकाचा आहे, चार पापुद्र्यांचा. डासातून येऊन आपल्या रक्तपेशीत राहणाऱ्या जंतूचे पूर्वज उन्हात बसून अन्न बनवायचे! पुढे २००८ मध्ये सिडनीच्या बंदरातल्या पोवळ्यांजवळ त्याचा एक सोयरा सापडला, क्रोमेरा, जो अजूनही प्रकाशावर जगतो. हे लवक मलेरियाच्या जंतूने ठेवलंय कारण काही आवश्यक रसायनं तिथेच बनतात, आणि मूळ जिवाणूचं असल्यामुळे जिवाणूंवरचं डॉक्सीसायक्लिन त्याला लागतं. मलेरियाच्या भागात जाताना डॉक्टर ती गोळी देतात तेव्हा लोकांना वाटतं चुकून अँटिबायोटिक दिलं.

युग्लीनाचं राहिलं. ती वनस्पती की प्राणी हा प्रश्नच चुकीचा होता. युग्लीना अंधारात ठेवा, पांढरी पडते आणि पाण्यात विरघळलेलं अन्न शोषून जगते, उजेडात आणली की परत हिरवी. स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर कायमचीच पांढरी. हिरवेपणा हा तिचा अंगरखा आहे, घराणं दुसरंच. आणि तिच्या घराण्यात कोण बसलंय बघा, काळाआजार करणारा लिशमेनिया आणि झोपेच्या आजाराचा ट्रिपॅनोसोम! जनावरांना होणारा सर्रा हा रोग त्यातलाच, ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये डेरा इस्माईल खानकडच्या घोड्या-उंटांच्या रक्तात तो जंतू पाहिला. माणसाला हा होत नाही असं मी वर्षानुवर्षं सांगत होते, आपल्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं म्हणून. मग २००४ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, जगात नीट सिद्ध झालेली ती पहिली केस. २००६ मध्ये कारण कळलं, त्या माणसात त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. तो बरा झाला, आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरचं सुरामिन हे औषध देऊन.

अमीबाचं दोन ओळीत. अमीबा म्हणजे कोणाचं आडनाव नाही, ती चालायची पद्धत आहे, छद्मपाद काढून सरपटायची, आणि ती अनेकांनी वेगवेगळी शिकलीय. केरळच्या बातम्यांमुळे गाजलेला मेंदूचा नेग्लेरिया हा पुस्तकातल्या अमीबापेक्षा युग्लीनाच्या जवळचा आहे.

तर आज चित्र काय? २००५ मध्ये प्रोटिस्टवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सृष्टीबिष्टी सोडून सहा महागट केले, मग २०१२ आणि २०१९ मध्ये तेही सुधारले. सहातला एक, क्रोमअल्व्हिओलाटा, टिकला नाही. त्याऐवजी २००७ मध्ये सार नावाचा गट जमला, त्यात डायटम आणि केवडा, मलेरिया आणि पॅरामेशिअम, शिवाय फोरॅमिनिफेरासारखे समुद्रातले कवचवाले, सगळे एका छपराखाली. प्राणी आणि बुरशी एका फांदीवर, त्यांच्या शेजारी खरे अमीबा आणि श्लेष्मबुरशी. वनस्पती लाल-हिरव्या शेवाळांबरोबर. युग्लीनाचा गट वेगळा, जिआर्डियाचा वेगळा. म्हणजे आपल्या तीन पेठा नकाशात तीन टिकल्याएवढ्या आणि बाकी सगळं शहर लांब तिकडे पसरलेलं. आणि अजून नवी उपनगरं सापडताहेत. २०१८ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियात एका विद्यार्थिनीने ट्रेकिंग करताना उचललेल्या मातीतून हेमिमॅस्टिगोट्स वाढले आणि त्यांचा आरएनए कोणाशीच जुळेना, अख्खी नवी फांदी निघाली. विचार करा, सिंहगडावरून येताना बुटाला लागलेली माती आपण झटकून टाकतो. २०२२ मध्ये प्रोव्होरा नावाचे छोटे शिकारी आले, तीही वेगळी फांदी. झाडाचं मूळ नेमकं कुठे यावर मात्र अजून मारामारी चालू आहे, म्हणून त्याबद्दल कोणी छातीठोक सांगितलं की मी आता हसून ऐकते.

वरच्या टोकाला आपले सख्खे शेजारी कोण, तर कोअॅनोफ्लॅजेलेट, गळ्याभोवती केसांची कॉलर असलेली एक पेशी. स्पंजच्या पेशी हुबेहूब अशा दिसतात हे १८६० च्या दशकातच लक्षात आलं होतं, २००८ मध्ये त्यांच्यातल्या एकाचा जीनोम वाचला तर शरीरात पेशी एकमेकींना चिकटवायला लागणारी कॅडहेरिन प्रथिनं या एकट्या जिवाकडे आधीच. खालच्या टोकाला २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्राच्या तळाच्या गाळातून लोकी नावाचे आर्किया (दिसायला जिवाणूंसारखे, पण वेगळ्याच फांदीचे जीव) सापडले, ज्यांच्यात आपल्यासारख्या पेशींची जनुकं आहेत. जपानी लोकांनी त्यांच्यातला एक वाढवायला १२ वर्षं घेतली, २०२० मध्ये त्याचे फोटो आले, बाहेर लांब हात पसरलेला गोळा. इथे शेवटी काय निघेल ते निघेल, पण वुझने सगळ्या सजीवांच्या केलेल्या तीन मोठ्या फांद्यांपैकी (जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी) तिसरी, म्हणजे आपली, दुसरीच्या पोटातून फुटलेली दिसतेय.

तर भाच्याला सांगा, बरोबर आहेस, पण निम्मा. सृष्टी म्हणून प्रोटिस्टा गेली. शब्द म्हणून "प्रोटिस्ट" आम्ही रोज वापरतो, जसं भाजीवाला "पालेभाजी" म्हणतो, त्यात मेथी आणि अळू बहिणी आहेत असा दावा नसतो. शिवाय सगळ्यांनी सृष्टी सोडल्यात असंही नाही, २०१५ मध्ये काही मंडळींनी सात सृष्टींची यादी छापली आणि ती डेटाबेसमध्ये वापरतात, त्यात प्रोटोझुआ परत आहे. तुमचं कॉलेजातलं वाक्य मात्र आता कुठेच बसत नाही, प्रोटोझुआ प्राण्यांचा संघ नाही.

आणि मुलीला पाठ करायला लावण्याआधी एक करा. मूठभर सुकं गवत पाण्यात उकळून गार करा, त्यात पाषाण किंवा कात्रजच्या तळ्याचं चमचाभर पाणी टाका, बरणी फडक्याने झाकून खिडकीजवळ सावलीत ठेवा. चारपाच दिवसांत वर साय धरते, तिच्या कडेचा थेंब घ्यायचा. पॅरामेशिअम फार पळतात, म्हणून कापसाचे दोनचार तंतू थेंबात टाकून वर काच ठेवा, अडकतात आणि नीट बघता येतात. शाळेचा साधा मायक्रोस्कोप पुरतो, दहाची भिंग लावून सुरुवात करा, चाळीसची लावताना काच फोडू नका, मुलं हमखास फोडतात. हात साबणाने धुवा, आणि बरणी पुढच्या रविवारपर्यंत टाकू नका, दर दोन दिवसांनी आतली गर्दी बदलते.